वाचकांचे प्रश्न: खडूची रेघ, ताडपत्री आणि कीथ हॅरिंग

मागच्या अंकात न्यूयॉर्कच्या कीथ हॅरिंग या चित्रकाराविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत खडूने चित्रं काढणारा मुलगा पुढे जगभर ओळखला जाणारा रंगीबेरंगी पॉप चित्रकार (जाहिराती, कॉमिक अशा रोजच्या चित्रांतून कला करणारा) झाला, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच द्यायचं ठरवलं. माझी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात गेली. त्यामुळे मी या माणसाकडे बघते ती हात कसा तयार झाला, हे शोधत. उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न: मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेली काही वर्षं स्प्रेने भिंतींवर अक्षरं काढतोय. आता कॅनव्हासवर पॉप आर्टसारखं सपाट, भडक रंगांचं काम करायचंय. पण कॅनव्हास समोर आला की हात आखडतो. सर म्हणतात, ग्राफिटी डोक्यातून काढ आणि पहिल्यापासून शिक. हॅरिंगने काय केलं होतं? (विद्यार्थी, सांगली)

उत्तर: डोक्यातून काही काढू नकोस. सरांचा मान ठेवून सांगते, भिंतीने तुझ्या हाताला जे दिलं ते पुसून टाकलंस तर कॅनव्हासवर न्यायला तुझ्याकडे उरेल काय?

हॅरिंग तुझ्यासारखा स्प्रेने अक्षरं काढणारा नव्हता, हे आधी लक्षात घे. तो १९५८ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला आणि कुट्झटाउन नावाच्या लहानशा गावात वाढला. वडिलांना व्यंगचित्रं काढायचा नाद होता. रेघेतून माणूस कसा उभा राहतो, कुत्रा कसा धावतो, हे त्यांनी पोराला घरीच दाखवलं. पुढे पिट्सबर्गला जाहिरातकला शिकवणाऱ्या शाळेत तो गेला, पण तिथे मन रमेना म्हणून सोडून आला. त्याच शहरात १९७७ साली त्याने बेल्जियन चित्रकार पिएर अलेशिन्स्की याचं मोठं प्रदर्शन पाहिलं. वाहत्या, मोकळ्या रेघांनी भलेमोठे कागद भरणारा एक नावाजलेला माणूस त्याला तिथे चित्रांतून भेटला. आपण वहीत जे करतो तेच मोठ्या आकारात करता येतं, याचा त्याला धीर आला. १९७८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये दाखल झाला.

त्या काळात न्यूयॉर्कच्या रेल्वेचे डबे आतून-बाहेरून नावांनी भरलेले असत. 'टाकी १८३' अशी सही शहरभर करत हिंडणाऱ्या मुलाची बातमी १९७१ सालीच न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली होती. नंतरच्या दहा वर्षांत या सह्या डब्याच्या उंचीच्या झाल्या. ली किन्योनेस, लेडी पिंक, क्रॅश, डेझ ही मंडळी रात्री यार्डात शिरून अख्खे डबे रंगवत. हॅरिंगला त्यांच्या हाताचं विलक्षण कौतुक होतं. रंग न ओघळता एका दमात जाणारी ती रेघ त्याने पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांची अक्षरं मात्र त्याने उचलली नाहीत, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या गल्लीत आपण पाहुणे आहोत, ही जाण त्याला होती.

१९८० साली त्याला स्वतःची जागा सापडली. स्थानकातल्या एखाद्या जाहिरातीची मुदत संपली की पुढची येईपर्यंत तिच्यावर बिनचकाकीचा काळा कागद चिकटवला जाई. असा एक कोरा काळा कागद त्याला दिसला. तो वर रस्त्यावर गेला, पांढरे खडू विकत घेतले आणि खाली येऊन चित्र काढलं. त्यानंतर १९८५ पर्यंत त्याने अशी हजारो चित्रं काढली. कधी कधी एका दिवसात चाळीसही होत.

खडू आणि काळा कागद म्हणजे काय, ते तू स्वतः एकदा करून बघ. ब्रश सारखा रंगात बुडवावा लागतो, स्प्रेचा डबा हलवावा लागतो. खडूला थांबावं लागत नाही. रेघ सुरू झाली की संपेपर्यंत जाते. पण ती दुरुस्त करता येत नाही, पुसली तर काळ्यावर पांढरा धुरळा राहतो. पाठीमागे माणसं उभी राहून बघत असतात. तीन-चार मिनिटांत गाडी येते आणि बघणारे बदलतात. पोलीस कुठल्याही क्षणी येऊ शकतात. अशा ठिकाणी काढलेलं चित्र धावत्या माणसालाही कळलं पाहिजे. म्हणून त्याच्याकडे मोजक्या आकृत्या तयार झाल्या: अंगातून किरण फुटणारं रांगतं मूल, भुंकणारा चौकोनी कुत्रा, उडती तबकडी, पोटाला आरपार भोक पडलेला माणूस. चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत, अंगावर कपडे नाहीत. हालचाल दाखवायला भोवती चार छोट्या रेघा, कॉमिकमध्ये असतात तशा. आधी तो कडेने चौकट आखून घेई आणि मग कच्चं काहीही न काढता आत शिरे.

आता तुझा खरा प्रश्न, रंगाचा.

स्थानकाबाहेर मोठं काम करायचं ठरवल्यावर कॅनव्हासचं त्याला दडपण वाटे. महागडा, आधीच कलाकृती होऊन बसलेला पृष्ठभाग. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वीज कंपनीचे कामगार खोदकाम झाकायला विनाइलच्या ताडपत्र्या वापरत. त्याने तशाच ताडपत्र्या विकत घेतल्या, कडेला धातूच्या आयलेट असलेल्या, लाल, पिवळ्या, हव्या त्या रंगाच्या. म्हणजे पार्श्वभूमीचा रंग आयता मिळाला आणि त्यावर विनाइलला धरणाऱ्या शाईने त्याने पुन्हा रेघच ओढली. ऑक्टोबर १९८२ मध्ये टोनी शफ्राझीच्या गॅलरीत जे प्रदर्शन झालं त्याने त्याचं नाव झालं. तळघरात अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशाखाली फ्लुरोसंट, म्हणजे त्या प्रकाशात चमकणाऱ्या रंगांची कामं लावली होती. त्याच वर्षी हाउस्टन स्ट्रीट आणि बावरीच्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर त्याने झगझगीत रंगांत नाचणारी माणसं काढली. लोअर ईस्ट साइडमधला एक लहान मुलगा, 'एलए टू' या सहीचा, त्याच्याबरोबर काम करू लागला. हॅरिंगच्या जाड रेघांमधली जागा तो आपल्या सह्यांनी भरून काढायचा. रस्त्याची अक्षरं अशा रीतीने हॅरिंगच्या चित्रात आली, ज्याची होती त्याच्याच हाताने.

कॅनव्हास त्याने हातात घेतला १९८५ साली. स्थानकातली चित्रं थांबवली तीही त्याच वर्षी, कारण लोक ती कागदासकट फाडून नेऊन विकायला लागले होते. तोवर पाच वर्षं रेघ मुरली होती. म्हणून कॅनव्हासवरचा लाल, निळा, पिवळा रंग कितीही भडक असला तरी तो रेघेचं ऐकतो. मोजके रंग, सपाट, छटा नाहीत, सावली नाही, आणि दोन रंगांच्या मध्ये काळी रेघ. रंगाआधी रेघ पक्की होती, माझ्या मते त्याच्या सगळ्या चित्रांचं मर्म हे आहे.

पॉप आर्ट आणि रेल्वेचे डबे यांचं नातं एकट्या हॅरिंगने जोडलेलं नाही. पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ साली कॅम्पबेल सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं मांडली होती. १९८० मध्ये फॅब फाइव्ह फ्रेडी या ग्राफिटी चित्रकाराने तेच सूपचे डबे रेल्वेच्या एका अख्ख्या डब्यावर रंगवले. न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीने १९६२ साली ज्या प्रदर्शनात वॉरहॉल आणि लिक्टेनस्टाइन यांना जागा दिली, त्याने पॉप आर्टचा दबदबा वाढवला. त्याच गॅलरीने डिसेंबर १९८३ मध्ये क्रॅश, डेझ, लेडी पिंक, बास्किया आणि हॅरिंग यांची चित्रं एकत्र लावली. तू स्प्रेवाला आहेस, म्हणून क्रॅशची चित्रं जरूर शोधून पाहा. ब्रॉन्क्सचा हा मुलगा तेराव्या वर्षापासून डबे रंगवायचा. पुढे त्याने कॅनव्हासवर कॉमिकमधले डोळे, अक्षरांचे तुकडे, ठिपके असं सगळं एकत्र आणलं आणि स्प्रे सोडला नाही.

आता करायचं काय? कॅनव्हास घोड्यावरून (ईझलवरून) उतरव आणि भिंतीला ठोक, उभा राहून, अख्खा हात फिरवून काम कर. महिनाभर रंग बंद. काळा कार्डशीट आणि पांढरा खडू घे, मित्राला मागे उभं कर, पाच मिनिटांत चित्र संपव आणि पुसू नकोस. मग जुने फ्लेक्स गोळा कर. आपल्याकडे वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फ्लेक्स मिळायला काही अडचण नाही, त्यांची पाठ पांढरी असते. साधा ॲक्रिलिक त्यावर नीट धरत नाही, गुंडाळलं की पोपडे सुटतात. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून पीव्हीसीची शाई घे, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेव. काळ्याखेरीज तीनच रंग. हे जमलं की कॅनव्हासवर ये, हात आखडणार नाही. आणि सरांना हे सगळे कागद दाखव. रेघ दिसली की चांगला शिक्षक विरघळतो.

प्रश्न: आपण हॅरिंगचं कौतुक करता, पण त्याला पोलिसांनी अनेकदा पकडलं होतं असं वाचलं. माझा सोळा वर्षांचा मुलगा रात्री मित्रांबरोबर जाऊन पुलाखाली स्प्रे मारतो. उद्या त्याला पकडलं तर मी त्याला हॅरिंगची गोष्ट सांगू का? (एक वडील, डोंबिवली)

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे आणि मी ती हलकी करणार नाही. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या किंवा सरकारी भिंतीवर रंग मारणं हा गुन्हा आहे. मुलाला हे स्पष्ट सांगा.

हॅरिंगलाही पकडलं, दंड झाले, एकदा-दोनदा बेड्याही पडल्या. त्याचा खडू पुसता येण्यासारखा होता, खालची जाहिरात मुदत संपलेली होती, तरीही ते नियमाविरुद्ध होतं आणि त्याला ते माहीत होतं. पण त्याची गोष्ट सांगायची तर अर्धी सांगू नका. सप्टेंबर १९८३ मध्ये मायकल स्टुअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला न्यूयॉर्कच्या एका भुयारी स्थानकात, भिंतीवर लिहिल्याच्या कारणावरून पोलिसांनी ताब्यात घेतलं. तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचला आणि तेरा दिवसांनी गेला. खटला उभा राहिलेले सहाही पोलीस निर्दोष सुटले. हॅरिंग गोरा होता. तोच गुन्हा करून तो दंडाची पावती घेऊन घरी जात होता. हा फरक त्याच्या मनातून गेला नाही. १९८५ साली त्याने स्टुअर्टवर एक मोठं चित्र केलं. बास्कियानेही केलं. तुमच्या मुलाने हॅरिंगचं रांगतं मूल पाहिलं असेल, त्याला हे चित्रही दाखवा.

दुसरी एक भिंत आहे, हार्लेममध्ये, हार्लेम नदीच्या कडेने जाणाऱ्या हमरस्त्यालगत. तिथे हँडबॉलच्या मैदानाची ओसाड भिंत होती. १९८६ साली 'क्रॅक' या अमली पदार्थाने वस्त्याच्या वस्त्या पोखरल्या होत्या आणि हॅरिंगच्या हाताखाली काम करणारा एक मुलगाही त्यात सापडला होता. हॅरिंगने परवानगी न घेता त्या भिंतीवर केशरी रंगात 'क्रॅक इज वॅक' (क्रॅक म्हणजे वाईटच) हे चित्र रंगवलं. अटक झाली. गाड्यांमधून जाणाऱ्या लोकांना ते चित्र आवडलं, वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. पुढे कोणी तरी ते विद्रूप केलं, मग बागखात्याने पुसलं, आणि अखेर त्याच खात्याने त्याला बोलावून पुन्हा रंगवून घेतलं. ते अजून तिथे आहे.

या गोष्टीतून 'बेकायदा करा, नंतर लोक कौतुक करतील' असा अर्थ कोणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. त्या भिंतीवर त्याला काही तरी सांगायचं होतं आणि ते त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनाच सांगायचं होतं. मुलाला विचारा, पुलाखाली तुला कोणाला काय सांगायचंय? त्याच्याकडे उत्तर असेल तर त्याला भिंत मिळवून द्या. तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडपासून सुरुवात होऊ शकते. समितीला अर्ज करा, चित्राचा रंगीत कच्चा आराखडा जोडा, लेखी परवानगी घ्या. मुंबईत ससून डॉकला २०१७ साली, आणि त्याआधीपासून दिल्लीच्या लोधी कॉलनीत, परवानगीने केवढी मोठी कामं झाली. एखाद्या रविवारी त्याला लोकलने माहीमला घेऊन जा. स्टेशनच्या पूर्वेला इमारतींच्या भिंतींवर चित्रं आहेत. तुम्ही स्वतः सोबत जा, हे महत्त्वाचं. रात्री चोरून केलेली गोष्ट दिवसा वडिलांबरोबर बघता येते, हे त्याला कळू दे.

प्रश्न: हॅरिंगची माणसं बघून आमच्या पाड्यावरच्या चित्रांची आठवण होते. त्याने वारली चित्रांवरून कल्पना घेतली का? (शिक्षक, डहाणू तालुका)

उत्तर: हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी यायचा. त्याच्यावर परिणाम करणाऱ्यांत अलेशिन्स्की, फ्रेंच चित्रकार द्युबुफे, कॉमिक, इजिप्तची चित्रलिपी ही नावं निश्चित घेता येतात. साम्य दिसतं त्याचं कारण माझ्या मते अटी सारख्या आहेत. तुमच्याकडे गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, त्याच्याकडे काळ्या कागदावर खडूची. गडद जागेवर एकच पांढरा रंग असला की नाक-डोळे गळून जातात आणि अंगाचा झोक बोलायला लागतो.

मुलांना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फरक शोधायला सांगा. वारली माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, पांढऱ्याने भरलेले. कंबर सुईच्या अग्राएवढी. हॅरिंगचा माणूस आतून पोकळ आहे, त्याला फक्त कड आहे, सगळीकडे सारख्या जाडीची. म्हणून वारली चित्रात रंग आत शिरायला जागाच नाही आणि हॅरिंगच्या चित्रात तो सहज शिरला. आणखी एक: वारली चित्रात तारपा वाद्याभोवतीच्या नाचात माणसं एकमेकांना धरून एकाच गतीने फिरतात. हॅरिंगच्या गर्दीत प्रत्येक जण आपापल्या परीने उसळत असतो, ते शहर आहे.

भिंतीवरून सुट्या पृष्ठभागावर येण्याचा प्रवास मात्र तुमच्या तालुक्यातही घडलाय, हॅरिंगच्या आधी. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात कागदावर आणि कापडावर काम सुरू केलं. लग्नाच्या भिंतीवर सुवासिनींनी काढायची चित्रं एका पुरुषाने, रोज, स्वतःच्या मनातल्या गोष्टी सांगायला काढली. कलंबीपाड्याच्या या माणसाला २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. मुलांना हॅरिंग शिकवाल तेव्हा म्हसे यांना आधी शिकवा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे.

प्रश्न: हॅरिंगची चित्रं टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, मोज्यांवर दिसतात. त्याच्या मागे बाजाराने हे केलं, की त्याला चालणारं होतं? (वाचक, पुणे)

उत्तर: त्याने स्वतःच सुरू केलं. एप्रिल १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर त्याने 'पॉप शॉप' उघडलं. आतल्या भिंती आणि छत काळ्या रेघांनी भरून टाकलं, आणि टी-शर्ट, बिल्ले, भित्तिपत्रकं विकायला ठेवली. गॅलरीतली चित्रं आता हजारो डॉलरना जात होती. फलाटावर ज्यांनी त्याला खडूने काढताना पाहिलं, ज्यांना तो रांगत्या मुलाचे बिल्ले फुकट वाटायचा, त्यांच्या हाती काय उरलं, हा प्रश्न त्याला छळत होता. समीक्षकांनी धंदेवाईक म्हणून झोडपलं. वॉरहॉलने पाठिंबा दिला. दुकान २००५ साली बंद झालं आणि त्याचं रंगवलेलं छत न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीत जपलं आहे.

मी या बाबतीत पूर्ण त्याच्या बाजूने आहे. शाळेतल्या माझ्या कितीतरी मुलींनी मूळ चित्र कधी पाहिलेलं नाही, पण वहीच्या कव्हरवरच्या हॅरिंगवरून बोट फिरवत त्या रेघ शिकल्या.

प्रश्न: आम्ही दोघं मे महिन्यात ग्रुप टूरने इटलीला जातोय. पिसाला अर्धा दिवस आहे. हॅरिंगने तिथे रंगवलेली भिंत बघता येईल का? (वाचक, नाशिक)

उत्तर: नक्की बघता येईल, फक्त टूर मॅनेजरशी आधी बोलून ठेवा. बस मनोऱ्यापाशी नेते, सगळे हात टेकवून फोटो काढतात आणि परत बस. भिंत शहराच्या दुसऱ्या टोकाला, मध्यवर्ती रेल्वे स्टेशनजवळ, सान्त अँतोनियो अबाते या चर्चच्या इमारतीवर मागच्या बाजूला आहे. मनोऱ्यापासून आर्नो नदी ओलांडून चालत अर्ध्या तासाच्या आत पोचाल. तिकीट नाही, दार नाही.

भिंतीचं नाव 'तुत्तोमोंदो', म्हणजे अवघं जग. पिसाच्या एका विद्यार्थ्याची न्यूयॉर्कमध्ये हॅरिंगशी गाठ पडली आणि त्यातून निमंत्रण गेलं. जून १९८९ मध्ये त्याने हे काम केलं. सुमारे १८० चौरस मीटर जागा आणि एकमेकांत गुंतलेल्या तीस आकृत्या. काळी रेघ त्याने आधी एकट्याने, कच्चं काही न काढता ओढली. रंग भरायला स्थानिक विद्यार्थी आणि कारागीर होते. साप कापणारी, दोन माणसांची मिळून झालेली कात्री शोधा. बाळाला घेतलेली आई शोधा. पाठीवर डॉल्फिन घेतलेला माणूस दिसेल. आणि रंगांकडे नीट बघा: न्यूयॉर्कचा झगमगाट इथे नाही. पिसाच्या जुन्या घरांच्या गिलाव्याशी जुळतील असे मऊ रंग त्याने निवडले. त्याच्या सात वर्षं आधी फ्लुरोसंटमध्ये उड्या मारणारा हात परक्या गावात गेल्यावर त्या गावाचे रंग विचारतो, यात मला त्याची खरी परिपक्वता दिसते. पॉप म्हणजे नुसता भडकपणा, असं म्हणणाऱ्यांना मी याच भिंतीचा फोटो दाखवते.

एड्स झाल्याचं त्याला १९८८ मध्येच कळलं होतं. पिसानंतर आठ महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९९० ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या दोन वर्षांत त्याने कामाचा वेग वाढवला, आणि मुलांसाठी व एड्सच्या कामासाठी पैसा जावा म्हणून एक प्रतिष्ठान उभं करून ठेवलं. हे वाचून गेलात तर तिथे पाच मिनिटांऐवजी अर्धा तास उभे राहाल. दुपारच्या आधी जा.

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या कंपाउंडवर मुलांकडून हॅरिंगसारखं चित्र करून घ्यायचंय. भिंत जांभ्याची आहे, काही भागाला गिलावा आहे. रंग कोणते, क्रम कोणता? (शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: फार छान. गिलाव्याचा भागच निवडा. उघड्या जांभ्याला भोकं असतात, ओल धरतो, त्यावर एकसारखी जाड रेघ निघत नाही. नवीन गिलावा करून घेणार असाल तर पाणी मारून महिनाभर तरी मुरू द्या. काम दिवाळीनंतर काढा, भिंत पावसाचं पाणी सोडायला तेवढा वेळ घेतेच.

आधी तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटे पोपडे खरवडा. ब्लीचिंग पावडरचं पाणी मोठ्यांनी मारावं, मुलांनी नको. धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर, त्यावर पांढऱ्या एक्स्टिरियर इमल्शनचे दोन हात. डिस्टेंपर अजिबात नको, पहिल्या मृगाला उतरेल. ऑइलपेंटही टाळा, थिनरचा वास मुलांना बाधतो आणि खाली ओल असेल तर त्याला फोड येतात. सगळे रंग पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनमध्येच घ्या: लाल, पिवळा, निळा, हिरवा आणि भरपूर काळा.

चित्र हॅरिंगचं उतरवून घेऊ नका. त्याची पद्धत घ्या. मुलांना एकेक करून भिंतीला टेकवून उभं करा: उडी मारल्यासारखं, लंगडी घातल्यासारखं, कबड्डीत पाय धरल्यासारखं. दुसऱ्याने खडूने कड काढायची. खडूची चुकलेली रेघ ओल्या फडक्याने जाते, तेवढी सवलत आपल्या मुलांना असू द्या. मग सातवीच्या मुलांनी दोन इंची चपट्या ब्रशने काळी रेघ ओढावी, हात कोपरातून न हलवता खांद्यातून हलवायचा. ती वाळली की लहान वर्गांनी आत रंग भरायचा. एका आकृतीत एकच रंग, आणि शेजारच्या दोघांना सारखा रंग येऊ द्यायचा नाही, हा नियम पहिलीच्या मुलालाही पाळता येतो. रंग रेघेवर जाणारच, कोणाला ओरडू नका. शेवटी मोठ्या मुलांनी काळी रेघ पुन्हा गिरवली की सगळ्या कडा सरळ होतात. वरच्या भागासाठी बाकावर चढवताना खाली एक मोठं माणूस धरायला असू द्या.

उरलेल्या काळ्या रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावून तो शाळेच्या कपाटात ठेवा. कोकणातला एक पावसाळा गेला की रेघ पुन्हा गिरवावी लागेल, तेव्हा ते काम पुढच्या वर्षीच्या सातवीला द्या.